आयनॅचरलिस्ट, ईबर्ड, सीझनवॉच: घराजवळचा निसर्ग नोंदवताना कोणतं ॲप खरंच शिकवतं?

तिन्ही ॲप्स फुकट आहेत, तिन्हींत जाहिराती नाहीत, आणि तिघांचं मागणंही एकच: कधी, कुठे, काय दिसलं ते सांगा. वापरायला घेतलं की मात्र स्वभाव वेगळे निघतात. आयनॅचरलिस्ट हौशी, ईबर्ड शिस्तीचं, सीझनवॉच चिकाटीचं. नोकरी, घर, आईवडिलांची दुखणी आणि मुलांच्या परीक्षा सांभाळून आठवड्याला दोन-तीन तास काढू शकणाऱ्या माणसाने यातलं कोणतं घ्यावं, हे इथे तपासलं आहे. कसोटी साधी ठेवली: तीन महिन्यांनी फोन खिशात ठेवून त्याच रस्त्याने गेलं तर पूर्वीपेक्षा जास्त दिसायला हवं. नुसती नावांची यादी लांबली असेल, तर शिकवण्याच्या विषयात ॲप नापास.

बहुतेक जण सुरुवात आयनॅचरलिस्टपासून करतात, कारण ते कशालाच नाही म्हणत नाही. शेवाळ, गोगलगाय, भिंतीवरची पाल, गच्चीच्या फटीत उगवलेला पिंपळ, ट्यूबलाइटवर आलेला पतंग, सगळं चालतं. पावसाळ्यात डबक्यातल्या बेडकाचा नुसता आवाज टाकला तरी नोंद होते. 2008 साली बर्कलीच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून हे सुरू झालं; 2023 पासून ती स्वतंत्र ना-नफा संस्था आहे. फोटो टाकला की संगणक नावं सुचवतो, मग जगभरचे जाणकार त्यावर मत देतात. तारीख, जागा आणि पुरावा हवा, जीव पाळलेला किंवा लावलेला नको, आणि किमान दोन मतं पडून दोन-तृतीयांशाहून जास्त मतं एकाच जातीवर जुळायला हवीत. एवढं झालं की नोंदीला 'संशोधन दर्जा' मिळतो. अशी नोंद पुढे जीबीआयएफ या जागतिक माहितीसाठ्यात जाते आणि तिथून संशोधक ती उचलतात. फक्त नोंद इतरांना वापरू देण्याचा परवाना मोकळा हवा. नव्या खात्याला आपोआप मिळणारा बिगर-व्यावसायिक परवाना पुरतो. 'सर्व हक्क राखीव' निवडलं की तुमची नोंद जीबीआयएफपर्यंत पोचतच नाही, आणि हे पुष्कळांना कळतही नाही.

आता बिघडतं कुठे ते. पहिला गुन्हेगार व्हॉट्सॲप. मित्राने पाठवलेला फोटो किंवा स्वतःच दुसऱ्या फोनवर पाठवलेला फोटो व्हॉट्सॲपमधून येताना आत दडलेली तारीख आणि जागा गाळून येतो. तो तसाच टाकला की तारीख रिकामी राहते किंवा आजची पडते, जागा घरची पडते, आणि ताम्हिणीतला सरडा कोथरूडमध्ये नोंदला जातो. मूळ फोटोच वापरायचा. पाठवायची वेळ आलीच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायचा.

दुसरी अडचण जागेची. उंच इमारतींच्या मध्ये किंवा दाट झाडीत फोनला नीट स्थान सापडत नाही. अशा वेळी नोंदीभोवतीचं अचूकतेचं वर्तुळ शंभर मीटरऐवजी दीड-दोन किलोमीटरचं होतं. शिपाई बुलबुलाला त्याने फरक पडत नाही, पण ओढ्याकाठच्या चतुराला पडतो. फोटो काढण्याआधी नकाशा उघडून निळा ठिपका स्थिर होऊ द्यायचा, आणि नोंद पाठवण्याआधी वर्तुळ पाहून पिन हाताने सरकवायची. घरातल्या नोंदींचं वेगळं. बाल्कनीतल्या शंभर नोंदी म्हणजे जगाला दिलेला तुमचा पत्ताच. तिथे जागा 'अस्पष्ट' ठेवायची सोय आहे. मग खरा बिंदू न दाखवता अक्षांश-रेखांशाच्या 0.2 अंशांच्या चौकोनात, म्हणजे साधारण 22 किलोमीटरच्या आत कुठेतरी ठिपका दाखवला जातो. धोक्यातल्या बऱ्याच जातींसाठी ॲप हे आपणहून करतं.

तिसरी गोष्ट 'लावलेलं की रानातलं' ही. सोसायटीतला गुलमोहर, कुंडीतली जास्वंद, महापालिकेने दुभाजकावर लावलेली कण्हेर ही सगळी 'लावलेली' या खुणेखाली जातात. गाजरगवत आणि घाणेरी परदेशी असल्या तरी आपल्या आपण उगवतात, म्हणून त्या रानातल्याच. जास्वंदीवर बसलेला ढेकण्याही रानातलाच, झाड कुणी का लावलेलं असेना. ही खूण नवशिक्याकडून हमखास राहते. मग बागेतल्या झाडांचे ठिपके नकाशावर जंगली म्हणून उमटतात आणि दुसऱ्या कुणाला तरी ते निस्तरावं लागतं.

फोटोचं तंत्र सोपं आहे, पण कंटाळवाणं वाटतं म्हणून टाळलं जातं. झाडाचं नुसतं फूल पुरत नाही. पान वरून, पान खालून, फांदीवर पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, साल, फूल समोरून आणि बाजूने, आणि असलं तर फळ: पाच-सहा फोटो, सगळे एकाच नोंदीत. कीटकाला वरून, बाजूने आणि चेहऱ्याकडून. फुलपाखराचे पंख उघडे असताना एक आणि मिटलेले असताना एक, कारण पिवळ्या रंगाच्या छोट्या फुलपाखरांत फरक पंखांच्या खालच्या बाजूच्या खुणांत असतो. मापासाठी शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवलं तरी चालतं; त्याचा व्यास 27 मिलिमीटर.

आणि आता तो मोह. संगणकाची सुचवणी इतकी झटपट येते की बघणं तिथेच थांबतं. रुईच्या झुडपाभोवती फिरणारं केशरी फुलपाखरू घ्या. ॲप म्हणतं प्लेन टायगर, म्हणजे आपला बिबळ्या कडवा. बहुधा बरोबरच असतं. पण छोटा चांदवा नावाच्या फुलपाखराची मादी हुबेहूब त्याचं सोंग घेते. कडव्याच्या अंगात अळी असताना रुईतून आलेली विषारी द्रव्यं असतात, म्हणून पक्षी त्याला टाळतात. चांदव्यात तसलं विष नसतं. तो कडव्याच्या धाकावर जगतो. मागच्या पंखाच्या मधोमध तीन-चार काळे ठिपके दिसले तर कडवा, मध्य मोकळा असला तर चांदव्याची मादी. एकीच्या अळ्या रुईवर शोधायच्या, दुसरीच्या घोळाच्या भाजीवर. एवढं सगळं एका ठिपक्याच्या प्रश्नातून शिकता येतं, आणि सुचवणीवर बोट ठेवलं की त्यातलं काहीच हाती लागत नाही. म्हणून सुचवणीची खिडकी उघडण्याआधी टिपणीच्या चौकटीत आपला अंदाज आणि त्याचं कारण लिहायचं. 'कोळी, जाळं गोल, पोटावर पांढरी नक्षी' इतकं लिहिलं तरी पुरे. वर्ग किंवा कुळापर्यंतच नाव देणं हा कमीपणा नाही. चुकीच्या जातीपेक्षा नुसतं 'कोळी' जास्त उपयोगी.

याच्याच जोडीची वाईट सवय म्हणजे कुणी नाव दिलं की आभार म्हणून 'सहमत'चं बटण दाबणं. ते आभाराचं बटण नाही. दोन मतं लागतात ती दोन वेगळ्या डोळ्यांची, म्हणून. स्वतःला खुणा पटल्या असतील तरच दाबायचं. आभार टिपणीत लिहावेत.

उत्तरं मिळण्याचा वेग फार विषम आहे. पक्षी आणि मोठी फुलपाखरं पटकन ओळखली जातात. माश्या, छोटे कोळी, गवतं आणि बुरशी वर्षानुवर्षं ताटकळतात, कारण जाणकार थोडे आणि फोटोवरून जात ठरवणं अनेकदा अशक्यच. शिवाय बऱ्याच जातींना तिथे मराठी नाव जोडलेलंच नाही. शास्त्रीय नावाची भीती सोडावी लागते.

ईबर्ड फक्त पक्ष्यांसाठी आहे. कॉर्नेल लॅब ऑफ ऑर्निथॉलॉजी आणि नॅशनल ऑड्युबॉन सोसायटी यांनी 2002 मध्ये ते सुरू केलं. भारतात बर्ड काउंट इंडिया हा गट त्याची बाजू सांभाळतो. सेटिंगमध्ये पक्ष्यांची मराठी नावं निवडता येतात, ती पहिल्याच दिवशी निवडावीत. इथे फोटोची सक्ती नाही. इथे हिशेब लागतो: किती वाजता सुरुवात केली, किती मिनिटं, किती अंतर, कोण किती. हीच त्याची खरी किंमत. आयनॅचरलिस्टवर लोक आवडेल ते टिपतात, त्यामुळे कावळा दिसला नाही की कुणी टिपलाच नाही, हे कळत नाही. ईबर्डच्या 'पूर्ण यादी'त जो पक्षी नाही तो त्या वेळी तिथे आढळला नाही, असं धरता येतं. विज्ञानाला ते शून्य लागतं.

'पूर्ण यादी' या शब्दावर नवशिके अडकतात. शेवटी ॲप विचारतं, ही यादी पूर्ण आहे का? तिथल्या सगळ्या पक्ष्यांची ओळख पटली का, असा त्याचा अर्थ नाही. जे पाहिले-ऐकले आणि ओळखता आले, ते सगळे लिहिले का, एवढंच विचारलेलं असतं. दहा पक्षी ओळखणाऱ्याची यादीही पूर्ण असू शकते. कावळे, पारवे 'काय लिहायचे रोजचेच' म्हणून गाळले तर मात्र ती अपूर्ण. आणि संख्या लिहायची. आकड्याऐवजी नुसतं 'एक्स' टाकण्याची सोय आहे, पण ती आळशी माणसाची सोय. थव्यात आधी दहा मोजायचे, ते दहा केवढी जागा व्यापतात ते बघायचं, आणि तसे किती गठ्ठे बसतात ते पाहायचं. साठ पारव्यांचा अंदाज पंचावन्न निघाला तरी एक्सपेक्षा लाखपटीने बरा.

बाल्कनीत बसून केलेली यादी 'एका जागची' धरली जाते. तीस मीटरपेक्षा जास्त हिंडलात की ती 'चालत केलेली' होते. चालतानाही यादी लांबवू नये. आठ किलोमीटर ही वरची मर्यादा धरली जाते, पण दीड-दोन किलोमीटरला एक यादी अशी तुकड्यांनी केली तर तळं वेगळं राहतं आणि शेतं वेगळी. किमान पंधरा मिनिटं द्यावीत. फेब्रुवारीत चार दिवस होणाऱ्या ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंटची अटही तेवढीच आहे, आणि 2013 पासून भारतातले लोक त्यात भाग घेत आहेत. सुरुवात करायला ते दिवस उत्तम.

हमखास होणारी चूक: यादी बंद करायला विसरणं. मग टेकडीवरचा सव्वा किलोमीटर रिक्षाने घरी येईपर्यंत अकरा किलोमीटर होतो. घरी आल्यावर वेळ आणि अंतर हाताने दुरुस्त करता येतं, तेवढं करावं. फोनवर 'बॅटरी बचत' चालू असली तर ॲप मागे पडताच माग तुटतो आणि नकाशावर ओढ्याच्या वळणांऐवजी एकच सरळ रेघ दिसते. या ॲपपुरती बचत बंद ठेवायची. एखादा पक्षी 'दुर्मिळ' म्हणून अडवला गेला तर रागवू नये. तिथे 'नक्की हाच होता' हे लिहून भागत नाही. चोच, पाय, पंखांवरचे पट्टे, आवाज, कशावरून दुसरा नव्हे, हे लिहावं. हिवाळ्यातले हिरवट-करडे वटवटे तर पट्टीच्या लोकांनाही फसवतात. त्यांच्यासाठी 'वटवट्या, जात अनिश्चित' अशी नोंद ॲपमध्ये आहे. लाज न बाळगता वापरावी.

अशा याद्यांचं पुढे काय होतं, याचं उत्तर छापील आहे. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स'चा 2023 चा अहवाल तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे, आणि त्यात 942 जातींचा आढावा आहे. मोर आणि कोकीळ वाढले, चास म्हणजे नीलपंख घटला, हे त्यातूनच दिसलं. चिमण्या संपल्या अशी हळहळ आपल्याकडे नेहमीची. 2020 च्या अहवालाने मात्र दाखवलं की देशभरात त्यांची संख्या साधारण स्थिर आहे आणि घट मोठ्या महानगरांत आहे. कुणीतरी रोजच्या चिमण्या मोजून लिहिल्या म्हणूनच हे कळलं.

ईबर्डचंच भावंड मर्लिन. ते आवाज ऐकून नाव सांगतं आणि जादूसारखं भासतं. भारताचा पक्षीसंच आधी उतरवून घ्यावा लागतो, मग नेटवर्क नसलं तरी चालतं. कान तयार करायला छान आहे. पण भृंगराज आणि कोतवाल दुसऱ्या पक्ष्यांची सहीसही नक्कल करतात, आणि तिथे मर्लिन फसू शकतं. त्याने दाखवलेलं नाव स्वतः पाहिल्या-ऐकल्याशिवाय ईबर्डमध्ये चढवू नये. सीक नावाचं आणखी एक ॲप आहे, आयनॅचरलिस्टवाल्यांचंच. खातं न काढता वापरता येतं. मुलांना द्यायला ठीक.

सीझनवॉच या तिघांत दिसायला सगळ्यात साधं आहे, आणि आमच्या कसोटीवर सगळ्यात पुढे. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनचा हा उपक्रम झाडांच्या ऋतुचक्राची नोंद ठेवतो. एक झाड निवडायचं, ॲपवर नोंदवायचं, आणि दर आठवड्याला एकदा त्याच झाडाकडे पाहून सांगायचं: कोवळी पानं, जून पानं, वाळकी पानं, कळ्या, उमललेली फुलं, कच्ची फळं, पिकली फळं. प्रत्येकाला उत्तरं तीनच: नाही, थोडं, खूप. झाडाच्या विस्ताराच्या एक-तृतीयांशापेक्षा कमी असेल तर थोडं, जास्त असेल तर खूप. दोन मिनिटांचं काम. झाड उडून जात नाही, ऊन चढायच्या आत गाठावं लागत नाही, दुर्बीणही लागत नाही.

पण याच दोन मिनिटांत अंदाज सारखा चुकतो आणि म्हणून शिकायला मिळतं. आंब्याची तांबूस पालवी लांबून वाळकी वाटते. हात लावला तर लुसलुशीत. जांभळाच्या कळ्या खालून बघताना कच्च्या फळांसारख्या दिसतात, म्हणून आधी जमीन बघायची: उमलताना पाकळ्यांची बारीक टोपी गळून पडते, तिचा सडा असेल तर फुलं चालू आहेत. वड, पिंपळ, उंबर यांची फुलं बाहेरून दिसतच नाहीत, ती त्या गोळ्याच्या आत असतात. ताडाची नर-मादी झाडं वेगळी. नर झाडाखाली ताडगोळ्यांची वाट बघत बसू नये. चौथ्या-पाचव्या आठवड्याला आपसूक शेजारच्या दोन झाडांकडेही नजर जाते. त्याच रस्त्यावरचा एक बहावा पिवळाजर्द आणि दुसरा अजून पानांनी भरलेला, असं का, हा प्रश्न ॲपने विचारलेला नसतो.

झाड निवडताना चूक होते ती देखणेपणावर जाण्याची. रोजच्या वाटेवरचं झाड घ्या: दूधवाल्याकडे जाताना, बस थांब्याजवळ, ऑफिसच्या फाटकाशी. खोडाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून 1.3 मीटरवर, कापडी टेपने मोजायचा. वार ठरवून टाकायचा, नाहीतर तिसऱ्या आठवड्याला दांडी पडते. पावसाळ्याआधी फांद्यांची छाटणी होते आणि नोंद एकदम 'पानं नाहीत' अशी होते. तसं झालं तर टिपणीत लिहावं, नाहीतर नंतर बघणाऱ्याला ती पानगळ वाटेल. ॲपचे दोष म्हणाल तर ठरलेल्या यादीतलीच झाडं घेता येतात, आणि एकटेपणा फार. इथे शाबासकी द्यायला कुणी येत नाही. आयनॅचरलिस्टवर लागलेली दाद मिळण्याची सवय इथे मोडावी लागते.

सामानावर लगेच खर्च करू नये. पक्ष्यांत रमलात तर 8×42, म्हणजे आठ पटीची आणि 42 मिलिमीटर भिंगाची, दुर्बीण घ्या. 10 पटीची हातात थरथरते आणि थवा चौकटीत पकडणं अवघड करते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात दुर्बिणीच्या भिंगावर बुरशी धरते, म्हणून ती हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवायची, चामड्याच्या पिशवीत नाही. फोनला लावायचं मॅक्रो भिंग स्वस्त असतं, पण ते दोन-चार सेंटिमीटरवरच नीट दाखवतं. बसलेल्या किड्याला चालतं, फुलपाखराला नाही.

घरातून फार बाहेर पडता येत नसेल तर बाल्कनीतून ईबर्डच्या पंधरा मिनिटांच्या याद्या आणि खालच्या झाडाला सीझनवॉच. रोज फिरायला जाणाऱ्यांनी एक झाड आणि एक यादी पक्की करावी, आयनॅचरलिस्ट रविवारी उघडावं. मुंबईत समुद्राजवळ राहणाऱ्यांना मात्र आयनॅचरलिस्टला पर्याय नाही. मरीन लाइफ ऑफ मुंबई हा 2017 पासूनचा उपक्रम गिरगाव, हाजी अली, कार्टर रोड अशा किनाऱ्यांवरचे जीव तिथेच नोंदवत आला आहे. दिवस निवडताना कॅलेंडरमधली तिथी बघायची. अष्टमीच्या सुमारास भांग असते, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो, पाणी पुरेसं मागे हटत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटीही तितकीच खोल जाते. त्या दिवसांत मुंबईला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास असते, म्हणजे खडक उघडे पडतात ते सकाळी सहा-सातला. ओहोटीच्या वेळेआधी तासभर पोचायचं आणि पाणी वळलं की निघायचं. चपला घट्ट हव्यात, शंख हातात उचलायचे नाहीत. शंकूच्या आकाराच्या शंखांतल्या गोगलगायी विषारी दंश करतात. दगड उलटून पाहिला तर तो होता तसाच परत ठेवायचा, नाहीतर खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हात वाळून मरतात.